पालाण सांडणारा डोंगर

चौतीस वर्षे जमाबंदीच्या कचेरीत कारकुनी केलेल्या मनुष्यास तुर्की भाषा निराळी शिकण्याचे प्रयोजन नाही, असा माझा सिद्धांत होता; कारण दफ्तर, कलम, हिशोब, तारीख, दुकान, मैदान ही जी पलटण आमच्या मराठीत येऊन कायमची वस्तीस राहिली, तिचीच एक तुकडी तुर्कस्तानातही तळ देऊन बसली आहे, हे मी निघण्यापूर्वी कोशात पाहून ठेवले होते. एर्झुरुमला बसमधून उतरताच मी खणखणीत आवाजात "हमाल!" अशी हाक दिली, आणि खरोखरच एक मनुष्य हातगाडी ढकलीत आला, तेव्हा मी सौभाग्यवतींकडे ज्या विजयी मुद्रेने पाहिले, ती मुद्रा पुढे दोन दिवस मला महाग पडली.

हे शहर सुमारे १,९०० मीटर उंचीवर, म्हणजे आमचे कळसूबाईचे शिखर जिथे संपते त्याच्याही अडीचशे मीटर वर, सपाट पठारावर ऐसपैस पसरलेले आहे. आमच्या बखरींतून 'रूमशाम' म्हणून ज्याचा दरारा असतो, त्यातला रूम तो हाच मुलूख. 'अर्झ-ए-रूम', म्हणजे रूमची भूमी, असाच गावाच्या नावाचा अर्थ सांगतात. दक्षिणेस पालान्द्योकेन नावाचा हिमाच्छादित डोंगर उभा आहे. त्यातले 'पालान' म्हणजे आपले घोड्याचे पालाणच, आणि 'द्योकेन' म्हणजे सांडणारा. चढ इतका उभा, की जनावराच्या पाठीवरचे पालाण घसरून पडावे. हल्ली तेथे बर्फावरून घसरण्यासाठी लोक पैसे मोजून येतात.

शहराची मुख्य शोभा म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीचा, दोन मिनारांचा चिफ्ते मिनारेली मदरसा. विटांच्या उभ्या पन्हळी, त्यांत जडविलेल्या निळ्या फरश्या, आणि दरवाजाच्या अंगास दगडात कोरलेला दुतोंडी गरुड, आपल्या किल्ल्यांवरच्या गंडभेरुंडाचा शोभेल असा चुलतभाऊ. परंतु एवढ्या इमारतीवर ती कोणी आणि कधी बांधली याचा शिलालेखच नाही, हे पाहून माझ्यातला कारकून हळहळला. लेखी दाखल्यावाचून इतका खर्च मंजूर झालाच कसा? जवळच्या याकुतिये मदरशाने मात्र १३१० हे आपले साल नीट नोंदवून ठेवले आहे, म्हणून मी तेथे अधिक वेळ काढला.

एर्झुरुमचा इतिहासही पाहावा तर कचेरीचाच. १८२९ साली रशियन फौजेमागोमाग येथे पोचलेला कवी पुश्किन वरिष्ठांची परवानगी न घेताच निघाला होता, आणि त्याबद्दल त्यास जाबही द्यावा लागला. १९१९ च्या जुलैत मुस्तफा केमालने लष्करी सेवेचा राजीनामा दिला तो याच गावी, व त्याच महिन्याच्या २३ तारखेस येथील शाळेच्या इमारतीत परिषद भरवून पुढच्या राष्ट्राचा पाया घातला. आमच्या कचेरीत राजीनामा देणारे फार तर विम्याचे एजंट होत. पण माझा खरा जातभाई म्हणजे सतराव्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी, जो येथे जकातीवर कारकून होता. त्याने लिहून ठेवले आहे की, एका कडक हिवाळ्यात एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उडी घेणारे मांजर अधांतरीच गोठले, आणि कित्येक महिन्यांनी, वसंतात वितळून, 'म्याँव' करीत खाली पडले. सौभाग्यवतींनी ही थाप ठरविली. परंतु जकातीच्या कारकुनाने केलेली नोंद मी सहसा फेटाळीत नाही.

दुपारी 'जाआ कबाब' खाण्यास बसलो. येथे मांसाचा गठ्ठा उभा न फिरता लाकडाच्या विस्तवापुढे आडवा फिरतो. त्याचे काप लहान सळयांत ओवून वाढपी आणीत राहतो, आपण पुरे म्हणेपर्यंत. दोन सळया संपल्यावर त्याने विचारले, "तमाम मी?" तमाम म्हणजे समग्र, समग्र गठ्ठा मलाच वाढण्याचा याचा बेत दिसतो, असे समजून मी घाबरून जोराने मान हलविली. तो संतोषला, व तिसरी सळई आली. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच मान, आणि चौथी सळई. सहाव्या सळईनंतर शेजारच्या मेजावरील एका वृद्ध गृहस्थाने दया येऊन माझ्यावतीने "तमाम" म्हणून टाकले, तेव्हा कळले की, तुर्कीत तमाम म्हणजे 'झाले, ठीक आहे'. पालाण सांडले ते तेथेच.

उतारा म्हणून चहा घ्यावा, तर येथे साखर पेल्यात घालीत नाहीत. टणक खडा दातांत धरायचा आणि वरून कडवट चहा ओढायचा. पहिल्याच घोटासरशी माझा खडा घशात गेला. शेवटी मी "हिशोब" मागितला. तो शब्द तर बरोबर लागू पडला, पण चहावाल्याने छातीवर हात ठेवून म्हटले, "मिसाफिर." मी उत्तरलो, "होय, मुसाफिरच! म्हणूनच पैसे घ्या." तुर्कीत मिसाफिर म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याने ते मान्य केले, यावर तो इतका खूश झाला की त्याने दुसरा पेला भरला. सौभाग्यवतींनी मला गप्प बसण्याची खूण केली. या खेपेस मी खडा दाढेखाली घट्ट धरला, त्यामुळे बोलण्याचा प्रश्नच उरला नाही.