पाव युनिटाचा हिशेब

बेळगावात एकतीस वर्षं मी पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही विचारणार, हा माणूस शिकलेला होता का म्हणून.

निवृत्तीच्या पैशांतून विजेवर चालणारी छोटी गाडी घेतली. बॅटरी २४ युनिटांची. पाय हलका ठेवला तर २०० किलोमीटर सहज जाते, आणि माझा पाय हलकाच असतो. मागचे ट्रकवाले त्याबद्दल काय काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं सुरळीत चाललं असताना हॉलंडमधल्या भाच्यानं व्हिडिओ पाठवला. विजेच्या गाडीमागे एवढासा ट्रेलर, त्यात तंबू, सायकली आणि वर एक कुत्रं. तिकडे साध्या परवान्यावर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो म्हणे. मी म्हटलं, आपल्याला कुठे ७५० हवेत? आपल्याला ३०० पुरेत.

उद्यमबागेत एका वेल्डरकडून ट्रेलर करून घेतला. चौकोनी पाइप, पातळ पत्रा, खाली स्कूटरची दोन चाकं. रिकामा १२० किलो. गाडीला मागे हूक बसवला. ही गाडी काही ओढण्यासाठी नाही, असं गाडीबरोबरच्या पुस्तिकेत स्वच्छ छापलं होतं. पण पुस्तिका गाडी बिघडल्यावर वाचायची असते. वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आणि त्यालाही नोंदणी लागते, हे ज्ञान तर मला परतल्यावर झालं.

बेत होता सुप्याच्या धरणाजवळ, गणेशगुडीला तंबू ठोकायचा. निघायच्या आदल्या रात्री मी बायकोला कागदावर हिशेब मांडून दाखवला. "हे बघ, गणेशगुडी बेळगावपेक्षा अडीचशे मीटर खाली. येताना ३०० किलोचा ट्रेलर तेवढा चढवायचा, तर लागते किती वीज? पाव युनिटसुद्धा नाही!"

"मग पाण्याचे कॅनही घ्या," ती म्हणाली.

वीस-वीस लिटरचे दोन. शिवाय चार खुर्च्या, तंबू, गादी, कुकर, शेगडी, मसाल्याचा डबा, आणि 'असू दे' या नावाखाली येणाऱ्या तीन पिशव्या. सगळ्यावर ताडपत्री, मागे लाल पोलक्याचा तुकडा. म्हणजे आम्ही काळी नदीच्या काठावर, सुप्याच्या धरणापाशी, बेळगावहून चाळीस लिटर पाणी घेऊन निघालो होतो.

खानापूरपर्यंत मी शीळ घालत होतो. तिथे बॅटरीचा आकडा पाहिला आणि शीळ बंद झाली. वाट उताराची, तरी आकडा पाण्यासारखा खाली जात होता. ब्रेक लागलाय का म्हणून उतरून चाकांना हात लावला. थंडगार. मग ताडपत्रीकडे लक्ष गेलं. ती फुगून एवढी मोठी झाली होती, की मागे जणू दुसरी गाडी उभी. वजन काही खात नव्हतं, वारा खात होता. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, हे वाक्य मी किती वर्षं फळ्यावर लिहिलं असेल! कागदावरच्या हिशेबात मात्र वारा घ्यायचाच विसरलो होतो. परीक्षेत एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी पाचपैकी एक गुण दिला असता, तोही अक्षरासाठी.

लोंढ्याच्या पुढे उतारावर ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी थोडंसं, मग गोमाश्या बसलेल्या म्हशीसारखं, आणि शेवटी तर म्हैसच शेपटाला बांधल्यासारखी गाडी डावी-उजवी झुलू लागली. ब्रेक मारणार एवढ्यात सुचलं, की ट्रेलरला ब्रेकच नाहीत; आपण थांबलो तरी तो थांबणार नाही. पाय काढला, चाक घट्ट धरलं. कशीबशी गाडी सावरली. बायको काही बोलली नाही. एकतीस वर्षांत मी कुठल्याच वर्गात एवढी शांतता पाहिलेली नाही.

कारण साधं होतं. ट्रेलरचं थोडं वजन, दहातला एक भाग म्हणा, हुकावर यावं लागतं. मी पाण्याचे कॅन काढायला सोपे म्हणून अगदी मागे ठेवले होते. त्यामुळे मागचं टोक जड, आणि हूक गाडीची शेपटी वर उचलतोय. तरफेचा धडा तर शाळेतच असतो. मी कॅन पुढे आणले आणि ट्रेलर शहाण्यासारखा मागून येऊ लागला.

रामनगर आलं. सुपा गाव धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा तिथली किती तरी कुटुंबं इथे येऊन वसली. अख्खं घरदार हलवून आलेल्या माणसांच्या गावातून मी चार खुर्च्या आणि एक कुकर हलवताना घाम पुसत चाललो होतो. तिथे चहाला थांबायचीही लाज वाटली.

गणेशगुडीला पोचलो तेव्हा बॅटरीत १४ टक्के. ज्यांच्या अंगणात तंबू ठोकायचा होता, त्यांच्या घराची वाट अरुंद, चढाची, एका बाजूला गटार. गाडी मागे घ्यायची होती. चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जाई, उजवीकडे फिरवलं की गटाराकडे. पाच मिनिटांत दहा-बारा माणसं जमली. कानडी, कोंकणी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत सूचना आल्या आणि तिन्ही भाषांत मी चुकलो. गाडी आणि ट्रेलर इंग्रजी व्ही अक्षरासारखे दुमडले. तेव्हा गर्दीतून एक ट्रॅक्टरवाला पुढे आला. हल्याळच्या कारखान्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा माणूस. त्यानं ट्रेलरभोवती एक चक्कर मारली.

"सर, किती वजन याचं?"

"एकदम हलका आहे," मी अभिमानानं म्हणालो.

"मग मागं कशाला घेताय? उचला की!"

हूक काढला, चौघांनी धरला आणि खुर्च्या-कुकरासकट अंगणात नेऊन ठेवला. दोन मिनिटं लागली नसतील.

खरी शोभा अजून व्हायचीच होती. अंगणातल्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटला चार्जर लावला, लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावला, पुन्हा लाल. बॅटरी १४ टक्के, जवळ दुसरा पॉइंट नाही, आणि आम्ही उभे होतो सुप्याच्या धरणाशेजारी! १०१ मीटर उंच भिंत, पायथ्याशी ५० मेगावॉटचे दोन संच, आणि मला हवे फक्त तीन किलोवॉट. शंभर मेगावॉटच्या दारात उभं राहून मी मोबाईलच्या टॉर्चनं पिन बघत होतो.

यजमान पन्नाशीचे, शांत. बोर्डाकडे बघितलं आणि म्हणाले, "अर्थिंग सुकली असेल. मे महिना आहे."

माझं डोकं तेव्हा कुठे चाललं. पंखा, मिक्सर, टीव्ही अर्थिंगशिवाय चालतात, पण गाडीचा चार्जर आधी जमिनीशी नीट जोड आहे का ते तपासतो आणि नसला तर वीज घेतच नाही. कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात वर पाणी ओततात. हेही मीच शिकवलंय. बहुधा तो तास मी मे महिन्यात घेतला नसावा.

घरामागे तुळशीपाशी खड्डा होता. माती भेगाळलेली, मधोमध पाइपाचं तोंड. यजमान विहिरीकडे वळले, तेवढ्यात बायको ट्रेलरकडे गेली.

"विहिरीवर कशाला जाता? हे आहे ना."

तिनं कॅन ओढून आणले. माती आधी पाणी नुसतं पीत होती, मग बुडबुडे आले, मग ओल पाइपाच्या कडेनं वर चढली. दुसरा कॅन निम्मा रिकामा झाला आणि अंगणातून यजमानांची मुलगी ओरडली, "हिरवा लागला!"

काळी नदी एवढ्या मोठ्या धरणातून पडून जी वीज करते, ती माझ्या गाडीत शिरायला बेळगावचं तीस लिटर पाणी लागलं. बायको त्यानंतर दोन दिवस प्रत्येक जेवणाआधी हे कुणाला ना कुणाला सांगत होती. आमचा तंबू उघडलाच नाही; यजमानांच्या माडीवर झोपलो आणि सकाळी खिडकीतूनच धनेश पाहिले.

निघताना ट्रेलर त्यांनाच देऊन टाकला. ते खळखळून हसले आणि म्हणाले, जोयड्याला कंदांचा मेळा भरतो, तिथे कंद न्यायला बरा पडेल, ट्रॅक्टरच्या मागे. खुर्च्या डिकीत बसल्या. मागच्या सीटवर कुकर बसला, त्याला बायकोनं पट्टा लावला. सगळी वाट चढाची, तरी बेळगावात शिरलो तेव्हा बॅटरीत ४१ टक्के होते.

हूक तेवढा अजून गाडीला आहे. आमच्याकडे आलात तर गाडीमागून जाताना नडगी सांभाळा.