पाऊण किलो शहाणपण

मुलांना बाजारहाट शिकवण्याचे वय साधारण दुसरी ते सातवी. त्याआधी मूल स्वतःच पिशवीपेक्षा जड असते आणि त्यानंतर त्याला पिशवी धरण्याची लाज वाटू लागते. मधल्या काळात त्याला हिशेब कळायला लागलेला असतो, पण आपल्याला राबवून घेतले जात आहे हे कळलेले नसते.

पहिला धडा यादीचा. मोठ्यांनी सांगायचे आणि मुलाने लिहायचे, अशी पद्धत आहे. 'तूरडाळ एक किलो, साखर दोन किलो' इथवर सगळे सुरळीत चालते. मग 'जिरं थोडंसं' आणि 'हिंग आपला नेहमीचा' येतो, आणि मूल पेन थांबवून विचारते, 'थोडंसं म्हणजे किती?' त्याला 'वाण्याला माहीत आहे' हे उत्तर मिळते. खरोखरच वाण्याला माहीत असते. यादीचा निम्मा भाग कागदावर आणि निम्मा वाण्याच्या डोक्यात असतो, हे व्यवहारज्ञान कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

दुसरा धडा गणिताचा. तो भाजीबाजारातच पक्का होतो. शेर आणि छटाक जाऊन किलो-ग्रॅम येऊ लागले १९५८ पासून, पण पाव, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच यांना कोणी हात लावू शकले नाही. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत. आता दशांश अपूर्णांक शिकवतात. त्यामुळे ०.७५ गुणिले ६० हे उदाहरण मूल वहीत बिनचूक सोडवते आणि 'साठ रुपये किलो, पाऊण किलो दे' म्हटले की छपराकडे पाहू लागते. तोवर भाजीवाल्या मावशींनी पावाचे पंधरा, तीन पावांचे पंचेचाळीस असे म्हणून पैसे घेतलेले असतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाची गवारही तोलून झालेली असते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बासष्ट'बरोबर 'साठ दोन' अशा वाचनाचीही सोय झाली आणि महाराष्ट्रात मोठा वाद पेटला. मंडईपर्यंत मात्र त्याची धग पोचली नाही. तिथे एकोणसत्तर ते एकोणसत्तरच. ते एकोणऐंशी समजून दहा रुपये जास्त काढून दिले, आणि मावशींनी 'अरे बाळा, मोज नीट' म्हणून सगळ्यांसमोर परत केले, की हा फरक जन्मभर विसरत नाही.

निवडीचे शास्त्र हाताचे आहे. भेंडीचा शेंडा मोडून पाहावा. कोवळी असेल तर कटकन तुटते, जून असेल तर नुसती वाकते. दुधीला नख लावावे. नारळ कानाशी हलवून पाण्याचा आवाज ऐकावा. या शास्त्रात उत्साही विद्यार्थी धोक्याचा, कारण प्रात्यक्षिकाच्या भरात तो अर्धा किलो भेंडीचे शेंडे उडवतो आणि मग ती भेंडी जून असली तरी घरी न्यावी लागते. कलिंगड हा या विषयातला सर्वांत गूढ भाग. त्यावर टिचकी मारायची असते एवढे सर्वांना माहीत असते. आवाज कसा यावा, हे फारसे कोणी सांगत नाही. जाणती माणसे तीन-चार कलिंगडांवर टिचक्या मारतात, गंभीरपणे मान हलवतात आणि विक्रेत्याने काढून दिलेले घेतात. मूल टिचकी आणि मान हलवणे, दोन्ही शिकते.

घासाघीस शिकवताना वेळेचे भान द्यावे लागते. सकाळची भवानी व्हायची असताना भाव पाडून मागितला तर विक्रेत्याचा दिवस आणि गिऱ्हाइकाची अब्रू, दोन्ही बिघडतात. पुड्यावरच्या छापील किमतीचे शिक्षण वेगळे. तिथे 'कमाल' हा शब्द महत्त्वाचा: त्याहून जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला दुकानदाराला कोणीही अडवलेले नाही. हे कळल्यावर मूल प्रत्येक दुकानात 'कमी करा ना काका' म्हणू लागते आणि वडील दुसरीकडे पाहू लागतात. पुड्याचे वजनही वाचायला शिकवावे. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांचाच राहतो तो दुकानदाराच्या प्रेमामुळे नव्हे, आतली बिस्किटे घटतात म्हणून.

काटा शून्यावर आहे का, हे पाहायला शिकवणे सोपे आहे. ते हळू आवाजात सांगायला शिकवणे अवघड. पिशवीत बटाटे खाली आणि टोमॅटो वर, हे एकदा घरी जाऊन पिशवी उघडली की आपोआप समजते.

शेवटचा धडा एकट्याने जाण्याचा. कोपऱ्यावरच्या दुकानापासून सुरुवात करावी आणि हातात रोख द्यावी. फोनवरून पैसे दिले की हिशेबाचा प्रश्नच उरत नाही आणि शिकण्यासारखेही फारसे उरत नाही. सुट्या पैशांऐवजी वाणी गोळी पुढे करतो. ती नाकारून रुपया मागायचा असतो. एवढा करारीपणा मोठ्यांनाही साधत नाही, आणि मुलाला तर गोळीच हवी असते. घरी आल्यावर पैसे मोजले जातात, दोन रुपये कमी भरतात, आणि 'ते कुठे गेले?' या प्रश्नाला गालात गोळी असल्यामुळे नीट उत्तर देता येत नाही.