बारदाना वजा

परभणीच्या मोंढ्यात हयात घालवलेल्या माणसाला दल सरोवर दाखवलं, की तो आधी विचारतो, "हे पाणी खाली कोणच्या शिवाराला देतेत?" कुणालाच देत नाहीत म्हटल्यावर त्याचा त्या पाण्यातला रस आटतो. आमच्या आप्पांचं काश्मीर असंच झालं. शिकाऱ्यात बसून ते येलदरीच्या धरणावर बोलले, गुलमर्गच्या गोंडोल्यात मानवतच्या कापसाच्या भावावर बोलले आणि पहलगामला घोड्यावर बसण्याआधी त्यांनी घोड्याचे दात तपासले. बर्फ दिसल्याबरोबर सगळी मंडळी आरडाओरडा करत धावली. आप्पांनी सावकाश खाली वाकून मूठभर उचललं, दाबून पाहिलं आणि "ओल लई हाय" असं म्हणून टाकून दिलं. सोयाबीन आलं असतं तर त्यांनी क्विंटलमागं कडता लावला असता. बर्फाला काय लावणार?

आप्पा आडत्या. बाप आडत्या, आजा आडत्या. मण-शेर जाऊन किलो आले त्या काळात ते वडिलांच्या गादीपाशी बसून आकडेमोड शिकले. दशमान वजनांचा कायदा 1956 चा, पण मोंढ्यात तो यायला बराच वेळ लागला. त्या मधल्या काळात दोन्ही हिशेब तोंडपाठ ठेवावे लागल्यानं आप्पांच्या डोक्यात एक काटा कायमचा बसून गेला. लग्नात नवरीकडं बघतानासुद्धा त्यांची नजर आधी दागिन्यांवर जाते. त्यात लोभ नसतो, अंदाज असतो. "साडेचार तोळे," ते हळूच म्हणतात आणि पत्रावळीकडं वळतात.

आमच्या एकवीस जणांच्या टोळक्यात ते कसे आले, तर काकूंमुळं. काकूंना एकदा विमानात बसायचं होतं. आता परभणीला विमानतळ नाही. शेजारी नांदेडला आहे. 2017 साली 27 एप्रिलला पंतप्रधानांनी सिमल्यात बसून 'उडान' योजनेत नांदेड–हैदराबाद विमानाला झेंडी दाखवली तेव्हा आमच्याकडंही पेढे वाटले गेले होते. पुढं ते विमान कधी असायचं, कधी नसायचं. काकू तेव्हापासून वाट बघत होत्या. शेवटी देवगिरीनं मुंबई आणि मुंबईहून श्रीनगर असं ठरलं.

माणूस सहलीला मजा करायला जातो असं आपण धरून चालतो. मला आता तसं वाटत नाही. काही माणसं सहलीला जातात ती परत निघण्यासाठी. सहा दिवस आप्पा नुसते आमच्याबरोबर होते. त्यांची सहल सुरू झाली ती निघायच्या आदल्या रात्री, टूरवाल्या पोरानं जेवणाच्या टेबलाशी येऊन "उद्या प्रत्येकी पंधरा किलो खाली आणि सात किलो हातात, जास्त झालं तर किलोमागं पैसे" असं सांगितलं त्या क्षणाला. आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला.

"किलोमागं किती?"

पोरानं आकडा सांगितला. आप्पांनी डोळे मिटले, उघडले. "म्हंजे अक्रोडापेक्षा हमाली जड झाली की ओ."

आणि अक्रोड तर सगळ्यांनीच घेतले होते. जाताना ज्या स्टीलच्या डब्यांतून धपाटे, शेंगदाण्याची चटणी नि परभणी मोतीच्या ज्वारीच्या कडक भाकरी गेल्या होत्या, त्याच डब्यांतून आता अक्रोड, बदाम आणि राजमा परत निघाला होता. शाली होत्या, फेरन होते. पांपोरचं केशर होतं, पण ते ग्रॅमवर मिळतं म्हणून आप्पांचा त्यावर राग होता. ग्रॅमवर विकायच्या वस्तूला ते माल मानत नाहीत. शिवाय पोरांनी संगमच्या रस्त्यावर बॅटी घेतल्या होत्या. काश्मिरी विलोची बॅट विमानात हातात घेऊ देत नाहीत, खाली टाकावी लागते. म्हणजे तेही वजन पंधरातच आलं.

रात्री साडेनऊला हॉटेलच्या दुसऱ्या मजल्याच्या बोळात मोंढा भरला.

आप्पांच्या बॅगेत आकड्याचा छोटा काटा होता. काश्मीरला जाताना माणूस स्वेटर घेतो, कानटोपी घेतो. हा काटा कामून घेतला असं कुणी विचारलं नाही, कारण परभणीकरांना ते विचारायची गरज वाटत नाही. दोन पोरांना समोरासमोर उभं करून एक बॅट त्यांच्या खांद्यांवर आडवी ठेवली. बॅटीला सुतळीनं काटा, काट्याला बॅग. आप्पा उकिडवे बसले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पहिल्या बॅगेला खड्या आवाजात म्हणाले, "लाभ!" धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. शेजारच्या खोलीतलं एक बंगाली जोडपं दार उघडून बघायला लागलं. त्यांना वाटलं असावं, ही पूजा आहे.

लाभ निघाला सतरा सहाशे. दोन तेरा दोनशे. तीन, म्हणजे पाठक आजींची बॅग, फक्त सहा किलो. आजींनी एक शाल आणि देवाचा फोटो एवढीच खरेदी केली होती. आप्पांनी त्या बॅगेकडं बघितलं. मी मोंढ्यात ही नजर पाहिलेली आहे. आवक कमी आणि गिऱ्हाईक जास्त असलं की ती येते. "आजी, तुमच्याकडं नऊ किलो जागा हाय. जागा ठिवून काय करता?"

मग सुरू झालं वाटप. माझे अक्रोड आजींकडं गेले. देशमुखांचा राजमा माझ्या बॅगेत आला. सोनपेठच्या डॉक्टरांच्या बायकोची शाल कुणाच्या बॅटीभोवती गुंडाळली गेली. आप्पांकडं स्वतःचा असा माल अकरा किलो होता; त्यांनी श्रीनगरच्या एका दुकानातून जुनं पोतं मिळवून त्यात तो भरला, खिशातून दाभण काढून तोंड शिवलं आणि उरलेल्या चार किलोंत कुणाकुणाचे बदाम घेतले. कुठला नग कुणाकडं गेला हे सगळं ते एका लांब चिठ्ठीवर मांडत होते. कोणत्याही बाजूनं वाचली तरी ती चिठ्ठी फक्त त्यांनाच वाचता येत होती. बारा वाजता काम संपलं. प्रत्येक बॅग पंधराच्या आत.

सकाळी श्रीनगरच्या विमानतळाच्या ड्रॉप गेटवर गाडी थांबली. तिथं इमारतीच्या बऱ्याच अलीकडं माणसं आणि सामान दोन्ही गाडीतून उतरवतात, सामान मशीनमधून काढतात आणि परत गाडीत भरायला लावतात. लोक वैतागतात. आप्पा खूश झाले. "नाक्यावर गाडी तपासतेत तसंच की," ते म्हणाले. दाभण मात्र खिशातच राहिली होती. जवानानं ती उचलून धरली. "ये क्या है?"

"पोता सीने का," आप्पा म्हणाले.

जवान पंजाबचा निघाला. "सूआ!" तो हसला. "हमारे यहाँ मंडी में इसी से बोरी सीते हैं।" मग मागं रांग खोळंबली असतानाही गव्हाच्या बोरीवर थोडी चर्चा झाली आणि दाभण पोत्याच्या शिवणीत खोचून खाली जाणाऱ्या मालात गेली.

दुसरा अडथळा खोबऱ्याचा होता. आजींच्या पिशवीत सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या होत्या, घरून ओटीसाठी आणलेल्या. सुकं खोबरं विमानात धोकादायक मालात धरतात. तेलकट असतं, आपोआप तापतं, पेट घेऊ शकतं. आजींना ते पटेना. खोबऱ्यानं कुठं आग लागती का, म्हणून त्या अडून बसल्या. इथं आप्पांनी सरकारची बाजू घेतली. "आजी, खरंय त्यांचं. सरकीच्या ढेपेची थप्पी लावली की आत हात घालून बघावा लागतो. आतून तापती. एका रात्रीत गोडाऊन जातंय." मग दोन्ही वाट्या तिथंच फोडून सगळ्यांना वाटल्या गेल्या. आगीपेक्षा हे बरं, असं म्हणत आप्पांनी स्वतः तीन तुकडे घेतले.

टूरवाल्या पोरानं चेक-इन दोन दिवसांपूर्वीच मोबाईलवर उरकलं होतं. आप्पांना ते मान्य नव्हतं. "मोबाईल मेला की माणूस मेला. कागद पायजे," म्हणून ते काउंटरवर पहिले उभे राहिले. खिडकीमागं एक काश्मिरी मुलगी होती, अगदी शांत. आप्पांनी पोतं उचललं, पण पट्ट्यावर ठेवलं नाही.

"बेटा, पहले खाली काटा दिखाओ."

मुलीला कळलं नाही. आप्पांनी बोटानं आकडा दाखवला. पट्टा रिकामा होता आणि आकडा 0.2 दाखवत होता.

"पासंग हय," आप्पा म्हणाले. "दो सौ ग्राम. इक्कीस नग को चार किलो के ऊपर जाता."

मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही. मुलीनं आकड्याकडं पाहिलं, आप्पांकडं पाहिलं, कुठलंसं बटण दाबलं आणि शून्य केलं. मग तिनं "सॉरी अंकल" म्हटलं. मोंढ्यात इतक्या वर्षांत कुठला मापाडी सॉरी म्हणाला असेल असं मला वाटत नाही. आप्पा क्षणभर गप्प झाले. पोतं ठेवलं. पंधरा शंभर.

"बारदाना काटो."

"जी?"

"ये पोते का वजन. माल का वजन अलग, बारदाने का अलग." तोलताना पोत्याचं वजन वजा करायचं असतं, ही गोष्ट आप्पांना 'राम राम' इतकी उघड होती. जुनं तागाचं पोतं साधारण एवढं, आत सुतळी एवढी, असा हिशेब ते बोटांवर मांडू लागले. मुलगी ऐकत होती. मागं रांगेत कुणीतरी खोकलं. मग तिनं स्क्रीनकडं पाहिलं आणि सगळ्यात साध्या आवाजात सांगितलं, "अंकल, आपका पूरा ग्रुप एक ही पीएनआर पर है। एक-एक बैग नहीं, टोटल देखेंगे।"

बोळातली रात्र माझ्या डोळ्यांपुढून गेली. देशमुखांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. कुणाचं काय कुणाकडं आहे हे आता फक्त एका चिठ्ठीला ठाऊक होतं. दुसरा कुणी असता तर मान खाली घालून बाजूला झाला असता. आप्पांचा चेहरा उजळला.

"म्हंजे ठोक!" ते आमच्याकडं वळून ओरडले. "सगळा एकच लॉट! तीन क्विंटल पंधरा!"

एकेक बॅग पट्ट्यावरून जाऊ लागली. आप्पा काउंटरला टेकून तोंडानं बेरीज करत होते आणि मुलीच्या मशीनच्या आधी त्यांचा आकडा तयार व्हायचा. शेवटी मशीन म्हणालं तीनशे नऊ. आप्पाही तीनशे नऊच म्हणाले. मुलीनं त्यांच्याकडं जरा आदरानं बघितलं असं मला वाटलं. पण सहा किलो उरले होते आणि हक्काचे सहा किलो टाकून जाणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी काकूंची हातातली पिशवी मागितली. काकूंनी दिली नाही. डॉक्टरांचा कोट मागितला. शेवटी स्वतःचे बूट काढायला वाकले तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या, "अनवाणी बसताव का इमानात?"

जाता जाता त्यांनी मुलीला विचारलं, एका नगाला वरची हद्द किती? बत्तीस किलो, तिनं सांगितलं. उचलणाऱ्या माणसाच्या पाठीला त्रास होतो म्हणून. आप्पा त्यावर बराच वेळ बोलले नाहीत. सुरक्षा तपासणीच्या रांगेत मला म्हणाले, "सर, आमच्या हमालांनी शंभर किलोची पोती पाठीवर घेतली. माथाडीचा कायदा 1969 चा. तरी कित्येक वर्षं शंभरचंच पोतं होतं." पुढं काही बोलले नाहीत, पण पट्ट्यावर बॅगा चढवणाऱ्या पोरांना हात दाखवून गेले.

विमानात खिडकी काकूंना मिळाली. हवाई दलाचं ठाणं असल्यानं उडताना पडदे खाली ओढायला लावले, तेव्हा काकूंना वाटलं आपणच काही चुकलो. पडदा वर झाला तेव्हा आप्पा झोपले होते. खाली पीर पंजाल पांढराशुभ्र पसरला होता. तो काकूंनी एकटीनं बघितला आणि त्यांना त्याचं काही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीला देवगिरीतून उतरलो आणि प्लॅटफॉर्मवरच माल फोडायचं ठरलं. आप्पांनी चिठ्ठी काढली, एकेक नाव घेतलं, एकेक डबा ज्याच्या त्याच्या हवाली केला. बाकावर परत तोच काटा लावला. राजमा, बदाम, शाली बिनचूक निघाल्या. इथं माझी शंका फोल ठरली हे कबूल करायला हवं. फक्त अक्रोड सगळ्यांचेच थोडे थोडे कमी भरत होते. माझे पाव किलो. देशमुखांचे त्याहून जरा जास्त.

"आप्पा, हे कसं काय?" देशमुख म्हणाले.

"वाळले," आप्पा म्हणाले. "हवा बदलली की माल वाळतो. तूट धरावीच लागती."

"एका रात्रीत?"

"कोरडी हवा हाय आपली."

काकू पोत्यावर बसून इतका वेळ चप्पल नीट करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "खिसे झाडा आधी," त्या म्हणाल्या.

कोटाच्या दोन्ही खिशांतून अक्रोड बाकावर पडले. आप्पा अजिबात गडबडले नाहीत. त्यांनी एक उचलला, बाकाच्या कडेवर ठेवून मुठीनं फोडला, गर देशमुखांच्या तळहातावर ठेवला. "नमुना घ्यावा लागतो, देशमुख. नमुन्याबिगर माल कसा पास करायचा? खाऊन बगा. मध्यम हाय."