पाडवा पहाट, साधारण नऊ वाजता

डोंबिवलीने 1999 साली गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा काढली आणि वसंत ऋतू सार्वजनिक कामाला लागला. आता उपनगराउपनगरांत यात्रा निघतात. जोडीला पाडवा पहाट.

गायक सहालाच तानपुरे जुळवून बसलेला असतो. पण आधी दीपप्रज्वलन. मेणबत्ती समईपर्यंत जाता जाता तीनदा विझते. मग शाल, श्रीफळ, सत्कार. मग ज्यांचा सत्कार राहिला त्यांची समजूत. मनोगते आटोपेपर्यंत ऊन व्यासपीठावर आलेले असते आणि ललतची वेळ कधीच टळलेली असते. बिचारा निमूट तोडीला हात घालतो. तेवढ्यात कोपऱ्यावर ढोल-ताशा पथक सुरू होते. पुढे गायकाचे फक्त ओठ हलताना दिसतात. दाद मात्र भरघोस!

मागच्या मंडपात बालचित्रकला स्पर्धा. गट पहिली ते तिसरी. मुले पन्ह्याच्या रांगेत, आणि आया सतरंजीवर ओणव्या होऊन आंब्याच्या मोहोराला छटा देतायत. एका बाबांनी तर गुढीच्या काठीची सावली पट्टीने आखली. (उत्तेजनार्थ मिळाले. घरी काय झाले असेल, देव जाणे.)

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला याच ऋतूतली. तिथे लोक भाषण ऐकायला म्हणूनच जातात, ही केवढी सोय! आमच्याकडे ते गाण्याच्या नावाखाली ऐकावे लागते.

पुढच्या वर्षीही प्रवेश सर्वांना खुला आहे. पहिल्या पाच रांगा सोडून.