प्रिंटर पाहावा घेऊन

सरकारी कारभार कागदविरहित झाला आणि घरोघरी प्रिंटर लागायला लागला. फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्याची प्रिंट काढायची, तिच्यावर निळ्या शाईने सही ठोकायची, ती स्कॅन करायची आणि पुन्हा ऑनलाइन चढवायची. याला डिजिटल क्रांती म्हणतात.

घरून काम करणारा गृहस्थ मग लेझर प्रिंटर शोधायला निघतो आणि आधी वेग बघतो. मिनिटाला 30 पानं तरी हवीतच! आठवड्याला चार पानं छापणाऱ्याला एवढी घाई कसली, हे विचारू नये. एचपीचा पहिला लेझरजेट 1984 साली 3,495 डॉलरना आला, तो मिनिटाला 8 पानं काढायचा आणि त्यावर मोठमोठ्या कचेऱ्या चालल्या. पण त्या कचेऱ्यांच्या मेहुण्याने 40 पानांवाला घेतलेला नव्हता.

चिरंजीवांच्या प्रोजेक्टसाठी रंगीत हवा, असा ठराव घरात एकमताने होतो. रंगीत लेझरला एक नव्हे, चार टोनर लागतात, हे दुकानदार बिल फाडल्यावर सांगतो.

खरी मेख टोनरमध्येच आहे. प्रिंटरबरोबर येणारा कार्ट्रिज बहुधा ‘स्टार्टर’ असतो, म्हणजे तीर्थासारखा, पळीभर. पुढच्या कार्ट्रिजच्या खोक्यावर ‘1,500 पानं’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा खोटा नसतो. फक्त पानाचा जेमतेम 5 टक्के भाग काळा होईल असं त्यात गृहीत धरलेलं असतं. डोक्यावर गणपती, खाली कुलदैवत आणि मधे सुटाबुटातला फोटो असा विवाहेच्छूचा बायोडाटा त्या हिशेबात बसत नाही. बरं, रिफिल करून आणावा, तर कार्ट्रिजमधली चिप बघून प्रिंटर अनेकदा त्याला ओळख दाखवत नाही. स्वस्त मॉडेल असेल तर तीनेक अस्सल कार्ट्रिजांच्या पैशात नवा प्रिंटर येतो. छपाईचा धंदा कशावर चालतो, ते यावरून कळावं.

लेझरचे गुण मात्र खरे आहेत. टोनर ही प्लास्टिकची बारीक पूड. ती उष्णतेने वितळून कागदावर बसते. त्यामुळे सहा महिने हात लावला नाही तरी इंकजेटच्या शाईसारखी वाळत नाही. पावसाळ्यात कागद सादळतो, अडकतो, तो भाग वेगळा. ती उष्णता निर्माण करायला प्रिंटर एकदम शेकडो वॉट ओढतो, म्हणून त्याला घरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. यूपीएस किंचाळेल आणि मान टाकेल.

आणि सोसायटीत कळू देऊ नका! डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयांना मिळतो. त्याची प्रिंट तुमच्याकडे फुकट. मग हॉलतिकीट येतं, भाडेकरार येतो, सेक्रेटरींची पाणीपुरवठ्याची नोटीस येते. ‘एकच पान आहे हो’ म्हणत आलेल्या पीडीएफला कधीही एक पान नसतं.

तेव्हा घ्यायचाच तर काळा-पांढरा, दोन्ही बाजूंनी छापणारा, लीगल कागद चालणारा घ्या, आणि प्रिंटरच्या आधी टोनरची किंमत विचारा. महिन्याकाठी वीस-पंचवीस पानांत भागत असेल, तर तोही घेऊ नका. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला प्रिंटचे पाच-दहा रुपये घेतो. टोनर त्याचा, वीज त्याची आणि कागद अडकल्यावर शिव्या घालायचं कामही तोच करतो.