सोमवारपासून इंग्लिश

किन्हीराजाच्या फाट्यावर संध्याकाळची एसटी थांबली, की कॉलेजची पोरं उतरतात. त्यांत एक भाऊ असा असतोच, जो उतरताना कंडक्टरला ‘थँक्यू सर’ म्हणतो. हे कोणाला म्हटलं ते पाहायला कंडक्टर मागं वळतो.

भाऊ अमरावती विद्यापीठाच्या बी.ए.ला आहे आणि इंग्रजी आपलं आपण शिकतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आली, म्हणजे दप्तर उचलता येत नव्हतं तेव्हापासून ही भाषा भाऊच्या पाठीवर आहे. तरी त्याचं पालुपद एकच: “बेस कच्चा राहिला नं भाऊ. आता सोमवारपासून फाउंडेशनच घेतो.” मग सोमवारी पुन्हा प्रेझेंट टेन्स. घरातल्या जुन्या रॅपिडेक्सची पहिली पानं हात लागून काळी पडली आहेत. मधल्यापासून पुढं पुस्तक कोरं करकरीत.

प्रेरणेचा मात्र तुटवडा नाही. मोबाइल मोटिव्हेशनल व्हिडिओंनी गच्च भरलाय. इंग्रजी शिकायची प्रेरणा भाऊ हिंदीतून घेतो. ड्युओलिंगो अ‍ॅपच्या हिरव्या घुबडाला तो घाबरतो, म्हणून रात्री बारा वाजायच्या आत सगळ्यांत सोपा धडा पुन्हा उरकून टाकतो. रोजच्या सरावाची साखळी तुटत नाही, इंग्रजीही हलत नाही.

गार्डनर आणि लॅम्बर्ट या कॅनडातल्या अभ्यासकांनी १९७२ च्या पुस्तकात भाषा शिकण्यामागच्या दोन प्रेरणा वेगळ्या काढल्या: नोकरीसारखा फायदा आणि ती भाषा बोलणाऱ्यांत मिसळायची ओढ. भाऊला पहिली प्रेरणा भरतीच्या जाहिरातीपासून फॉर्मच्या शेवटच्या तारखेपर्यंत टिकते. दुसरीसाठी किन्हीराजात इंग्रजी बोलणारं माणूस सापडायला पाहिजे. म्हणून त्यानं तिसरी शोधली: लग्नात पुण्याचा मामेभाऊ भेटला, तर त्याच्यापुढं तोंड उघडता आलं पाहिजे.

“समजते सारं, बस बोलता येत नाही,” असं भाऊ म्हणतो. किती समजतं, हे त्यानं कधी तपासलेलं नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक आंरी होलेक यांनी १९८१ साली स्वतः शिकणाऱ्याची कामं सांगितली, त्यांत ध्येय, साहित्य आणि पद्धत ठरवण्याबरोबर आपल्याला काय आलं ते आपणच जोखणंही होतं. ठरवण्यात भाऊचा हात कोणी धरणार नाही. जोखायचं म्हटलं, की त्याला शेतात काम निघतं.

एकदा एका मित्रानं सुचवलं, दोन मिनिटं बोल अन् रेकॉर्ड कर. संध्याकाळ चांगलं अ‍ॅप शोधण्यात गेली. मग भाऊ बोलला, ऐकलं, लगेच डिलीट केलं आणि जाहीर केलं, “माइकच खराब हाय बे.”

गंमत म्हणजे सोयाबीनवर फवारायच्या औषधाच्या डब्यावरची बारीक इंग्रजी हाच भाऊ बापाला घडाघडा समजावून सांगतो. पंपाला किती एमएल, तेही काढून देतो. ती इंग्रजी तो हिशेबातच धरत नाही. त्यात टेन्स कुठं असतो?

तेव्हा मालेगाव–शेलूबाजार रस्त्यानं जाताना किन्हीराजाला चहाला थांबलात आणि एखाद्यानं ‘हाऊ आर यू’ विचारलं, तर नुसतं ‘फाइन’ म्हणून निघू नका. त्याला इंग्रजीतच दुसरा प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत चहा सावकाश प्या.