यवतेश्वरचा पेढा

सातारा हिल मॅरेथॉनमध्ये पळायचं मी जाहीर केलं, तेव्हा शिरवळच्या आमच्या घरात प्रत्येकाने आपापली काळजी वाटून घेतली. आईने माझ्या गुडघ्यांची, बायकोने बुटांच्या किमतीची आणि चिरंजीवांनी आपल्या मित्रांत होणाऱ्या शोभेची. घशाची कुणालाच आठवण झाली नाही. खाणं आणि बोलणं ही दोन्ही खाती तो वर्षानुवर्षं बिनबोभाट सांभाळत होता.

सराव भर थंडीत, पहाटे, सारोळ्याच्या पुलाकडे. नीरेवरून येणारा गार वारा, हायवेच्या ट्रकांचा धूर आणि हे दोन्ही आ वासून आत घेणारा मी. थोड्याच वेळात घसा खरवडल्यासारखा व्हायचा आणि श्वासाला असा काही घरघराट चढायचा, की पुढे चाललेल्या आजोबांनी एकदा मागे न बघताच आपली म्हैस रस्त्याच्या कडेला घेतली. मग मला पाहून म्हणाले, "काय ओ पाव्हणं, कुत्रं लागलंय व्हय मागं?" उत्तर द्यायला माझ्याजवळ हवा नव्हती.

गंमत म्हणजे खरा तमाशा पळून झाल्यावर. टपरीवर कमरेला हात लावून, जग जिंकल्यासारखा चहा सांगावा आणि पाच-दहा मिनिटांत खोकल्याची अशी उबळ यावी, की चहावाल्याने कप देण्याआधी पैसे मागून घ्यावेत.

शेवटी डॉक्टरांनी एका नळीत फुंकायला लावलं आणि समजावलं. बसल्या जागी माणसाला मिनिटाला सहा-सात लिटर हवा पुरते. जोरात पळताना तीच शंभराच्या घरात जाते. एवढी हवा नाकाला पेलत नाही, म्हणून तोंड उघडतं. नाक हवा गाळतं, कोमट करतं, ओलावतं. तोंड मात्र आली तशी आत ढकलतं. गार, कोरड्या हवेने श्वासनलिका सुकतात, काहींच्या आवळतात, आणि हे आवळणं बऱ्याचदा थांबल्यावरच जोर धरतं. उपाय साधे होते: आधी दहा-पंधरा मिनिटं अंग तापवायचं, थंडीत तोंडावर रुमाल बांधायचा, धुराचा रस्ता सोडायचा. धीर द्यायला ते म्हणाले, पॉला रॅडक्लिफलासुद्धा पळताना दम्याचा त्रास व्हायचा, आणि तिने २००३ साली लंडनची मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मारली.

मी हे घरी छाती फुगवून सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, तिला दमा होता. तुम्हाला रात्रीची मिसळ आहे."

तेही खरंच निघालं. भरल्या पोटाने पळालं की आम्ल वर येऊन घसा जाळतं. मिसळ सुटली. पेढा मात्र सुटला नाही. स्पर्धेच्या दिवशी बाकीचे शक्तीसाठी कसल्याशा चिकट पुड्या घेऊन आले होते. मी साताऱ्याच्या अभिमानाने खिशात कंदी पेढे घेतले. यवतेश्वरच्या घाटात, धाप अगदी शिगेला असताना, एक तोंडात टाकला. तोंडात लाळेचा थेंब नव्हता. पेढा टाळूला गिलाव्यासारखा बसला. वरून पाणी ओतलं; पण गिळताना श्वास क्षणभर थांबावाच लागतो, आणि माझा श्वास थांबायच्या मनःस्थितीत नव्हता. ठसका लागला. पाणी वाटणाऱ्या पोराने पाठीत असे दणके घातले, की पेढा सुटून कासच्या दिशेने माझ्यापुढे गेला.

तेव्हा डॉक्टरांचा शेवटचा सल्ला आठवला: पळताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवा. हे मला जमण्यासारखं होतं. मी वेग कमी केला, बोलायला लागलो आणि उरलेला सगळा रस्ता शेजारून पळणाऱ्यांना श्वासनलिका, नाकाचं कार्य आणि शिरवळमधले जागेचे भाव समजावत गेलो. घसा एकदाही बसला नाही.

माझ्या आसपासच्या बऱ्याच जणांनी त्या दिवशी आयुष्यातली सर्वात कमी वेळ नोंदवली.